मेणातून पाण्याकडे

परभणीत ऊन तापायला लागलं की लोकांना बर्फ लागतो तो सरबताला. मला लागायचा मेणाला. आमच्या लॅबच्या कोपऱ्यावर एक गोळेवाला उभा राहायचा. त्याच्याकडून मी रोज सकाळी फडक्यात बांधून बर्फ न्यायची. "ताई, तुमच्याकडं रोजच पाव्हणे येतेत का?" असं तो विचारायचा. एकदा मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, लोकांच्या अंगातल्या गाठींचे तुकडे आम्ही मेणात बसवतो, उन्हानं ते मेण मऊ पडतं, आणि मऊ मेण कापता येत नाही, म्हणून बर्फ. त्या दिवशी त्यानं नेहमीसारखाच बर्फ बांधून दिला. पण दुसऱ्या दिवसापासून माझा बर्फ वेगळ्या पोत्यातून निघायला लागला.

लॅब म्हटलं की लोकांना रक्त आणि लघवी आठवते. ते काम समोरच्या खोलीत चालायचं. माझी खोली मागची. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, पित्ताची पिशवी, स्तनातला तुकडा, कातडीचा एखादा कपचा, हे सगळं फॉर्मालिनच्या, म्हणजे मांस सडू न देणाऱ्या औषधाच्या, बाटलीत बसून माझ्याकडं यायचं. ते साधं आहे की कॅन्सरचं, हे आमचे सर मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचे. सर म्हणजे लॅबचे मालक आणि डॉक्टर. पण मांसाचा गोळा तसाच मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काही दिसत नाही. उजेड त्याच्या आरपार गेला पाहिजे. म्हणजे तो कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ कापला पाहिजे, आणि ओलं मांस तसं कापू देत नाही. सुरीखाली ते सरकतं नाहीतर चिरडतं.

म्हणून आधी त्याच्यातलं पाणी काढायचं. पातळ अल्कोहोल, मग कडक, मग त्याहून कडक, असं एकातून एकात ठेवत न्यायचं. मग झायलीन. हे झायलीन अल्कोहोलला बाहेर काढतं आणि मेणासाठी दार उघडून ठेवतं. शेवटी वितळलेलं मेण. जिथं जिथं पाणी होतं तिथं तिथं मेण जाऊन बसलं की तुकडा पितळी साच्यात ठेवायचा, वरून मेण ओतायचं, गार होऊ द्यायचं. खोबऱ्याच्या वडीसारखा ठोकळा निघतो. त्याला ब्लॉक म्हणतात. तो मायक्रोटोमवर चढवायचा. मायक्रोटोम म्हणजे हातानं फिरवायच्या शिवणयंत्रासारखं यंत्र, फक्त सुईच्या जागी पातं. चाक फिरवलं की पात्यावर मेणाची फीत यायला लागते, एकाला एक चिकटलेले पापुद्रे. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या आपोआप उलगडतात, मग दुधावरची साय उचलावी तशी हलक्या हातानं काचेवर घ्यायची. त्याच्यावर निळा रंग आणि गुलाबी रंग. झाली स्लाइड.

सांगायला इतकंच आहे. शिकायला मला चार पावसाळे लागले असतील. फीत तुटायची, चुरगळायची, पंख्याच्या वाऱ्यानं उडायची. श्वास जोरात सोडला तरी उडायची. त्यामुळं आमच्या खोलीत पंखा नसायचा आणि मोठ्यानं हसायलाही बंदी होती. घरी गेले की साडीला झायलीनचा वास, रॉकेल आणि नखपॉलिश एकत्र केल्यासारखा. माझे यजमान दारातच म्हणायचे, "आली का लॅब घरी?"

तो वास आता कुठंच येत नाही. सरांची नजर कमी झाली तेव्हाच मागची खोली बंद करायचं ठरलं होतं. आता बाटल्या डब्यात भरून कुरिअरनं मोठ्या शहरात जातात आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. वेळेवर येतो, बरोबर येतो, माझी काही तक्रार नाही. सर जाऊनही आता वर्षं झाली. पण दुपारी भांडी आवरून बसले की माझा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरतो. सून म्हणाली, "आई, हात दुखतोय का?" मी हो म्हटलं. काय सांगणार? कधी कधी फीत पात्यावरून अशी अखंड यायची, एकसारखी, न तुटता, की मलाच थांबवत नसे. पुरेशी झाली तरी मी चाक फिरवत राहायची. तसं काही आता माझ्या हातून होत नाही.

आणि सरांची हाक. एखादी स्लाइड फार सुरेख निघाली की ते आतून म्हणायचे, "जरा इकडं या हो, हे बघा." मला काय कळणार त्यातलं, पण ते बोलवायचे. मी डोळा लावायची. गुलाबी रानात निळे दाणे सांडल्यासारखे. "तुमचं काम आहे हे," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा डोळा लावून बसायचे. ती हाक ऐकावीशी वाटते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बाटलीत फॉर्मालिन घालून द्या म्हणून दवाखान्यांना किती वेळा सांगितलं तरी कुणी गाठ मिठात घालून लोणच्याच्या बरणीतून आणायचं, कुणी नुसत्या रुमालात. पूर्णेकडचा एक गडी देशी दारूच्या बाटलीत घेऊन आला होता. "दारूत काय सडत न्हाई म्हनून टाकली," म्हणाला. मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. यातही अल्कोहोलच आहे." तो तुकडा खरंच चांगला टिकला होता. एकानं तर बैलाच्या शिंगाच्या आतला भाग आणला. शिंगाला कॅन्सर होतो बैलाच्या, आमच्या भागात शेतकऱ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "अहो, इथं माणसांचं तपासतात." तो म्हणाला, "मंग माझं हायच की. घरातल्या मानसासारखा हाय तो." सरांनी त्याला गुरांच्या डॉक्टरकडं पाठवलं, पण आधी तुकडा ठेवून घेतला, स्लाइड करायला लावली आणि बघितली. बैल वाचणार नव्हता.

पण मला हे सगळं लिहायचं होतं ते शिवकांताबाईंसाठी.

त्या आणि त्यांचे यजमान पहिल्यांदा आले ते थंडीत. देवगाव फाट्यावर त्यांचं चहाचं हॉटेल. यजमानांना सगळे आप्पाच म्हणायचे. उंचपुरा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की बोलले की समोरच्या खोलीतले रक्त द्यायला आलेले पेशंट मान वळवून बघायचे. मानेच्या मागं, केस संपतात तिथं, त्यांना बोराएवढी गाठ आली होती. न्हाव्याचा वस्तरा लागून रक्त आलं, ते थांबेना, म्हणून सर्जननं ती कातडीसकट काढली आणि बाटली त्यांच्याच हातात देऊन आमच्याकडं पाठवलं. आप्पांचे वडील कॅन्सरनं गेले होते. शिवकांताबाई बाकड्यावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. आप्पा मात्र इकडं तिकडं बघत होते.

"ताई, काय करता ह्याचं?" त्यांनी विचारलं.

त्यांना काहीतरी बोलत ठेवावं म्हणून मी दुसऱ्या कुणाचा तरी एक ब्लॉक दाखवला. असा मेणात बसवतो, कापून झाला तरी उरलेला टाकत नाही, कपाटात ठेवतो.

"किती दिवस?"

"वर्षानुवर्षं राहतो. मेणात काही होत नाही त्याला."

ते हसले. बायकोला म्हणाले, "ऐकलं का? आमी आता कपाटात बी राहनार हाव." त्या हसल्या नाहीत.

रिपोर्ट साधा निघाला. सरांनी आत बोलावून सांगितलं, गाठ साधी आहे, पूर्ण निघालेली आहे, आता काही करायचं नाही. शिवकांताबाई तिथंच तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आप्पांना काय करावं सुचेना. ते वाकले आणि टेबलावरच्या मायक्रोस्कोपच्या पाया पडले. सर गडबडून उभेच राहिले. ते दोघं गेल्यावर सर मला म्हणाले, "अशी पावती आजवर मिळाली नव्हती."

आमच्या कामात चांगली बातमी विसरली जाते. साध्या गाठींचे लोक पुन्हा येत नाहीत, यायला नकोच. मीही विसरले होते.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी शिवकांताबाई दारात उभ्या दिसल्या. सोबत पस्तिशीतला एक माणूस. मागं मागं राहत होता, जणू त्याला कुणी ओढून आणलं होतं.

"ताई, वळखलं का?"

मी ओळखलं, आणि मनात काही न येता विचारलं, "आप्पा कसे आहेत?"

त्या माणसानं मान खाली घातली. तो आप्पांचा धाकटा भाऊ, शंकर. बोलला तोच. पावसाळ्यात दोघं भाऊ बहिणीच्या गावाहून मोटारसायकलवर येत होते. ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, फार नव्हतं, पोटरीएवढं. गाडी न्यावी की नको हे बघायला आप्पा चालत पुढं गेले. पाय सरकला. ओढा पुढं नदीला मिळतो, आणि नदी त्या दिवशी भरून चालली होती. गावच्या पोरांनी शोधलं, मग येलदरी धरणाकडून मासेमारी करणारे लोक होड्या आणि जाळी घेऊन आले. पाणी उतरलं, गाळ वाळला. आप्पा सापडले नाहीत.

मी शिवकांताबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"त्यांचा तुकडा तुमच्याकडं हाय न्हवं, ताई? कपाटात?"

मला एकदम कळलंच नाही त्या काय म्हणतायत. मग कळलं.

"वहिनी, चला," शंकर हळूच म्हणाला. "मी बोललो होतो, असलं काय देत नसतेत. लोकं बी हसतील."

"हसू द्या."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सरांनी आतून ऐकलं आणि तिघांनाही बोलावून घेतलं. सरांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "बाई, त्याचं तुम्ही काय करणार?"

"आमच्यात जाळत न्हाईत, सर. मातीत बसवतेत मानसाला. विभूती, बेल, समदं सोबत देतेत. यांचं काय बसवावं? स्वामी आले, त्यांनी सांगितलं, कपडा ठिवा. आमी शर्ट ठिवला." त्या थांबल्या. "शर्ट त्यांचा होता. पन ते न्हवते की त्याच्यात. मी तिथं जाऊन बसते, तर मला शर्टापाशी बसल्यावानी वाटतंय."

शंकर खिडकीबाहेर बघत होता.

सरांनी त्यांना समजावून सांगितलं की ब्लॉक हा नुसता तुकडा नसतो, तो पुरावा असतो. उद्या काही प्रश्न निघाला तर पुन्हा कापून बघावा लागतो, म्हणून सांभाळायचा. शिवकांताबाई ऐकत होत्या. वाद घातला नाही. "बरं," म्हणाल्या आणि निघायला लागल्या. ते त्यांचं 'बरं' सरांना सोसलं नाही बहुतेक. "थांबा," म्हणाले, आणि मला आप्पांचे ब्लॉक आणि स्लाइड काढायला सांगितल्या.

ब्लॉक दोन होते. गाठ काढताना सर्जन भोवतीची थोडी चांगली कातडीही काढतो आणि आम्ही तीही तपासतो, गाठ पूर्ण निघाली की नाही हे कळावं म्हणून. एका ब्लॉकमध्ये गाठ होती, दुसऱ्यात ती कडेची कातडी. सरांनी दोन्ही स्लाइड सावकाश बघितल्या. मग दुसरा ब्लॉक माझ्या हातात दिला.

"गाठ माझ्याकडं राहू दे," ते म्हणाले. "आप्पा त्यांना द्या."

शिवकांताबाईंनी विचारलं, "मला दिसतील का यातून?" त्या मायक्रोस्कोपकडं बघत होत्या. सर खुर्चीवरून उठले आणि त्यांना बसवलं. पहिल्यांदा सगळ्यांना दिसते ती आपलीच पापणी. मी त्यांचं डोकं थोडं मागं घेतलं. मग त्या एकदम स्थिर झाल्या.

"समदं गुलाबी हाय."

"ती कातडी. वरचा पट्टा दिसतो ना, तो अंगाचा बाहेरचा भाग," मी सांगितलं.

"आन् हे लसणाच्या गड्ड्यावानी?"

"केसाचं मूळ."

मग डोळा न काढताच म्हणाल्या, "करडीचं तेल लावायचे. उश्या समद्या तेलकट. मी लय बोलायची त्यांना."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

निघताना मी ब्लॉक त्यांच्या तळहातावर ठेवला. पांढरा ठोकळा, मधे फिकट सावलीसारखा तुकडा. त्यांनी नखानं हळूच टोकरलं. "ते आत अडकलेत, ताई. हे मेन तर त्यांचं न्हाई. निघंल का?"

मी आजवर हजारो तुकडे पाण्यातून मेणात नेले होते. मेणातून परत पाण्यात, असं सहसा कुणी करत नाही. फक्त एखादा तुकडा नीट मुरला नसेल, कापताना भुगा होत असेल, तर त्याला थोडं मागं नेऊन पुन्हा आणायचं, हे आम्हाला शिकवलं होतं. पूर्ण मागं, सुरुवातीपर्यंत, मी कधीच गेले नव्हते. पण वाट माहीत होती. ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं उलटं जायचं.

"निघेल," मी म्हटलं. "परवा या."

दुसऱ्या दिवशी इतर सगळं काम आटोपून मी तो ब्लॉक घेतला. मेण वितळवलं. तुकडा चिमट्यानं उचलून झायलीनमध्ये ठेवला. उरलेलं मेण त्यात हळूहळू विरघळून गेलं. झायलीन बदललं, पुन्हा बदललं. मग सगळ्यात कडक अल्कोहोल, मग त्याहून सौम्य, मग आणखी सौम्य. बरण्या त्याच होत्या, रोजच्याच ओळीत मांडलेल्या, फक्त मी या टोकाकडून त्या टोकाकडं चालले होते. माझे हात दोनदा चुकून उलट्या बरणीकडं गेले, सवयीनं. एरवी या कामात मी मनात गाणं म्हणते, कुणाचा तुकडा आहे हे मुद्दाम आठवत नाही. आठवत बसलं तर काम होत नाही. त्या दिवशी मात्र मी त्या तुकड्याशी बोलले. "आलंच आता," असं काहीतरी म्हणाले असेन. नेहमी मी आणि तुकडा एका बाजूनं असायचो, डॉक्टर आणि आजार दुसऱ्या बाजूनं. त्या दिवशी आजार नव्हताच. कुणाला काही कळायचं नव्हतं, कुठला रिपोर्ट निघायचा नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं जपून केलेलं दुसरं काम मला आठवत नाही. आणि आज जर मला कुणी म्हटलं, त्या खोलीत एकच दिवस परत देतो, कुठला पाहिजे, तर मी तोच मागेन.

शेवटी स्वच्छ पाणी. काचेच्या वाटीत तो तुकडा खाली जाऊन बसला. लिंबाच्या बीएवढा, पण पानासारखा चपटा, पांढुरका, एका कडेला बारीक काळा ठिपका. वास घेऊन बघितला. कसलाच वास नव्हता. मी सरांना दाखवला. ते म्हणाले, "जिथून निघालात तिथं आलात की."

शिवकांताबाई आल्या तेव्हा मी मोठ्या हौसेनं ती वाटी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाकून बघितलं आणि एकदम मागं सरल्या.

"ताई, पुन्ना पान्यातच ठिवलं का वो त्यांना?"

पाणी म्हणजे माझ्या हिशेबात शेवटचा टप्पा होता, मेण सुटलं, औषधं सुटली, झालं. त्यांच्या हिशेबात पाणी म्हणजे काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःची बोटं वाटीत घातली. मी आयुष्यभर चिमट्याशिवाय तुकड्याला हात लावला नाही. त्यांनी तो दोन बोटांनी अलगद उचलला, पदराच्या टोकानं टिपला आणि मूठ मिटली. तशीच मूठ छातीशी धरून त्या म्हणाल्या, "चला. तुमी बी चला, ताई."

मी सरांकडं बघितलं. "जा," ते म्हणाले, "आजच्या स्लाइड उद्या बघतो."

एसटीत खिडकीजवळ त्या बसल्या, मधे मी, कडेला शंकर. सेलूपर्यंत आणि सेलूच्या पुढंही त्यांनी ती मूठ उघडली नाही. कंडक्टरनं तिकिटं दिली ती शंकरनं घेतली. दुतर्फा तुरी पिवळ्या फुलांवर आल्या होत्या. मला वाटत होतं, तुकडा सुकेल, तळहाताच्या उष्णतेनं आक्रसेल. मग वाटलं, आता तो माझा नाही, काय व्हायचं ते होऊ दे.

देवगाव फाट्याला उतरून हॉटेलच्या मागच्या वाटेनं त्यांच्या शेतात गेलो. बांधाजवळ एक कडुलिंबाचं झाड, त्याच्याखाली मातीचा उंचवटा, वर सुकलेला बेल. तो शर्ट त्या मातीखाली होता. शंकर घरातून टिकाव आणायला निघाला तेव्हा एक म्हातारे शेजारी म्हणाले, "गडी लावू का?" शंकर म्हणाला, "नको." त्यानं एकट्यानं उकरलं. शर्टापर्यंत नाही, थोडं वरच थांबला. स्वामी आले होते, त्यांनी विभूती टाकली, मंत्र म्हटले, बेलाचं पान पुढं केलं. शिवकांताबाईंनी त्या पानावर तो तुकडा ठेवला. पण पान खाली ठेवेनात. हातात धरून बसून राहिल्या.

कुणी घाई केली नाही. तेवढ्यात शंकर, खड्ड्याच्या पलीकडून, मातीनं भरलेल्या हातांनी, त्यांच्याकडं न बघता बोलायला लागला.

"वहिनी, मी हात दिला होता. त्यांनी धरला बी होता. वल्ला होता, सुटला."

शिवकांताबाईंनी मान वर केली. हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. मला वाटलं आता ओरडतील.

"मंग हा बी धर," त्या म्हणाल्या, आणि पान धरलेला हात त्याच्याकडं पुढं केला.

त्यानं खालून आपला हात लावला. दोघांनी मिळून ते पान खाली ठेवलं, आणि माती ओढली. शंकर माती ओढता ओढता हुंदके देऊन रडत होता, आणि त्या त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही हॉटेलात आलो. शिवकांताबाईंनी हातपाय धुतले आणि स्वतः स्टोव्हपाशी जाऊन चहाचं आधण ठेवलं. शंकर माझ्याजवळ बाकड्यावर बसला होता, डोळे सुजलेले. एक मालट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर, लांबचा असावा, आत येता येताच मोठ्यानं म्हणाला, "आप्पा कुठंय? लई महिन्यांनी आलो, दिसेनात!"

शंकर चटकन उठायला लागला. माझ्या कानाशी म्हणाला, "असं कुनी इचारलं की वहिनी आत जाऊन बसती. काय सांगावं कळत न्हाई तिला. नदीत म्हनावं का वर म्हनावं."

पण शिवकांताबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी गाळणी कपावर धरली होती ती खाली ठेवली, पदराला हात पुसला, आणि मागच्या दारातून दिसणाऱ्या झाडाकडं बोट केलं.

"तिथं हायेत," त्या म्हणाल्या. "लिंबाखाली. जाऊन या, तवर चहा होतोय."